बिजलीची चाळीस चित्रं

८ जानेवारी, बुधवार

डायरी काशिफने दिली. त्याच्या उचगावच्या फ्लेक्सच्या दुकानात अशा पाच-सहा फुकट आलेल्या पडल्या होत्या. "अब्बा, तुमचं अक्षर चांगलं आहे, काहीतरी लिहीत जावा," म्हणाला. ह्याच अक्षरावर मी चाळीस वर्षं घर चालवलं, आणि ह्याच पोराच्या मशीनसारख्या मशीनींनी ते अक्षर दहा मिनिटांत छापून माझं दुकान बंद पाडलं, हे तो विसरला असावा. राग नाही. पोरगा गुणी आहे. राग थोडा आहे.

लिहायला कारण घडलं ते असं. मागच्या आठवड्यात आमच्या जुन्या चित्रकलेच्या वर्गाचा मेळावा झाला. धैर्यशील आला होता. एका बाकावर शिकलो आम्ही. तो मोठा चित्रकार झाला, मी मंगळवार पेठेतला दिलदार पेंटर झालो. मी त्याला म्हटलं, दिवाळीत दुकान बंद केलं, आता स्वतःची चित्रं काढीन म्हणतो. तर सगळ्यांदेखत म्हणाला, "दिल्या, हात पक्काच असंल तुझा. पण चाळीस वर्षं तू न बघता रंगवलंयस. डोळा जिवंत हाय का मेला, ते आधी बघाय पायजे." आणि वर अट घातली. एकच वस्तू चाळीस दिवस रोज रंगवायची. चाळिसाव्या दिवशी तो येणार, चित्रं बघणार आणि सांगणार.

मीही भरात बोलून गेलो, "तू मेला म्हणालास तर ब्रश पंचगंगेत टाकतो आणि जाऊन पोराच्या दुकानात काउंटरला बसतो." बोललो ते बोललो. आता माघार नाही.

वस्तू काय धरायची? रोज पहाटे मी मागच्या बोळात आक्काच्या गोठ्यावर दूध आणायला जातो. सहा म्हशी आहेत तिच्या. दारातच पहिली बांधलेली असते ती बिजली. रोज असते, कुठं जात नाही, पैसे मागत नाही. तीच धरली. दुकानातला हार्डबोर्ड कापून चाळीस सारखे तुकडे केले आणि आज पहिलं चित्र पाऊण तासात उडवलं. आक्का धार काढून उठली, पदराला हात पुसत बघितलं आणि म्हणाली, "झ्याक झालंय की, पेंटर! खाली डेअरीचं नाव तेवढं घाला."

बरोबर होतं तिचं. म्हैस नव्हतीच ती. पेंडीच्या पोत्यावरची जाहिरात होती.

१० जानेवारी, शुक्रवार

बायकोला, सुलतानबीला, म्हैस पसंत नाही. "झाड काढा, डोंगर काढा. जित्तं जनावर कशाला? वर गेल्यावर अल्ला म्हणंल, काढलीस न्हवं, आता घाल हिच्यात जीव. मग काय करशीला?"

मी म्हटलं, "आधी हितं फळीवर तरी जीव येऊ दे, वरचं वर बघू."

हसली नाही. चित्रं माळ्यावर ठेवायची, तोंड भिंतीकडे करून, असं ठरलं. ती नमाज पढते त्या खोलीत आणायची नाहीत.

ती पाच वक्ताची नमाजी, मी शुक्रवारचा. म्हणून विचारलं, रोज तेच शब्द, तेच उठणं-बसणं, कंटाळा येत नाही? "रोज तुमीच समोर असतासा, आला का कट्टाळा?" म्हणाली. मग मसाला वाटता वाटता थांबून म्हणाली, "तेच नसतंय ते. एक दिस मन लागतंय, धा दिस न्हाई लागत. न्हाई लागलं म्हणून उठून जायाचं न्हाई, एवढंच."

असंही म्हणाली, की दिवाळीपासून मी आज पहिल्यांदा तिला काहीतरी विचारलं. हे काही खरं नाही. मी बोलतच असतो, तीच कामात असते. दुकानाची चावी परत दिल्यापासून दुपारी जरा भिंतीकडे तोंड करून पडतो, एवढंच.

१४ जानेवारी, मंगळवार. सातवं.

संक्रांत. आक्काने तिळगूळ दिला आणि म्हणाली, "घ्या, आणि म्हशीला जरा गोड काढा. कालची घुबडागत दिसत हुती."

काळ्या रंगाचा डबा आज बंद करून ठेवला. आठवडाभर बघतोय, बिजलीच्या अंगावर काळा रंग कुठेच नाही. पोटाखाली तांबूस आहे, पाठीवर दाराचा उजेड पडतो तिथे निळा, मानेच्या घडीत वांग्यासारखा जांभळा. प्रशियन ब्लू, बर्न्ट अंबर आणि थोडा क्रिमसन, असं मिसळत बसलो. चाळीस वर्षं हजारो बोर्डांवर मी डब्यातला काळा ओतला आणि एकदाही मान वर करून विचारलं नाही की काळं म्हणजे कसलं काळं.

एक अडचण आहे. 'बिजली' म्हटलं की ती डावा कान माझ्याकडे वळवते, आणि मला तिच्याशी बोलायची खोड लागली आहे. चित्रात कान तीन ठिकाणी आला.

१५ जानेवारी, बुधवार

वाईट. काल आलेलं आज गेलं. जास्त लिहीत नाही.

१९ जानेवारी, रविवार. बारावं.

आज मी स्वतःला रंगेहाथ पकडलं. आक्काचा मुलगा कृष्णात शेण काढत होता, त्याच्याशी फुटबॉलच्या मॅचवरून वाद चालला होता. बोलता बोलता खाली बघतो तर शिंग काढून झालेलं! सुबक, गोल, रंगवूनसुद्धा झालेलं. मी त्या शिंगाकडे एकदाही बघितलं नव्हतं. हातच काढून मोकळा झाला, 'श्री' काढावं तसं.

धैर्याचं खरं असलं तर? चाळीस वर्षांनी डोळा नुसता रस्ता ओलांडण्यापुरता उरला असला तर?

चिंधीने शिंग पुसून टाकलं. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. आक्का बादली घेऊन उभी होती. "पेंटर, शिंग तिला हाय, फळीला न्हाई. तिकडं बघा." बाई शाळेत गेलेली नाही. आम्हाला शिकवायला तिला ठेवायला हवं होतं.

२२ जानेवारी, बुधवार. पंधरावं.

आज कमाल झाली. बिजली अगदी पुतळ्यासारखी उभी. कान हलवत नाही, शेपूट नाही, रवंथसुद्धा नाही. वैरण समोर तशीच पडलेली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला हवा तेवढा वेळ मिळाला. पाठीची रेघ जरा वर उचलल्यासारखी झाली होती आणि पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून उभी होती, ते सगळं जसंच्या तसं धरलं. कृष्णात मध्येच तिच्या पोटाला हात लावून उभा राहिला. मी म्हटलं, "कृष्णात, जरा बाजूला हो की, उजेड अडतोय." झाला बिचारा.

जेवताना सुलतानबीला सगळं सांगितलं. भाकरी दोन जास्त गेल्या.

२४ जानेवारी, शुक्रवार. सतरावं.

बिजली बसलेली, मान लांब करून जमिनीवर टाकलेली, डोळा अर्धा मिटलेला. असली पोझ पैसे देऊन मिळायची नाही. आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं चित्र. डोळ्याखाली ओल होती, तिथे एक पांढरा ठिपका टाकला आणि सगळं तोंड बोलायला लागलं.

गोठ्यात मात्र आज गर्दी फार. कोणी बॅगवाला आला होता, कृष्णातशी कुजबुज चालली होती. टोचायला आला असेल, ह्या दिवसांत टोचतात. आक्का आज चित्र बघायला आली नाही.

जुम्म्याला गेलो. मन लागलं.

२५ जानेवारी, शनिवार

साखळी तुटली. आज चित्र नाही.

पहाटे पाच वाजता फळी काखेत मारून निघालो, तर सुलतानबी दारात गुडघा धरून बसलेली. "मरणाचा दुखतोय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घिऊन चला." पस्तीस वर्षांत ह्या बाईने दवाखान्याचं नाव स्वतःहून काढलेलं नाही. घाबरलो. रिक्षा केली. अकरापर्यंत रांगेत बसलो. डॉक्टरने विचारलं कुठला गुडघा, तर उजवा म्हणाली. परत येताना डाव्या पायाने लंगडत होती आणि चौकापासून पुढे तर माझ्या पुढे चालत होती. डॉक्टरच्या हाताला गुण आहे म्हणायचा.

दुपारी गोठ्यावर जाऊन येतो म्हटलं तर तेही नाही. आक्काकडे पाहुणे आहेत म्हणे. आज सुलतानबीने पिशवीतलं दूध आणलं.

मी चिडलो. अठराव्यालाच खंड पडला, आता धैर्यासमोर काय तोंड दाखवू? ती शांतपणे म्हणाली, "चुकलेली नमाज कझा म्हणून मागनं पढता येती. उद्या दोन काढा. त्येच्यात काय एवढं?"

हे डोक्यात आलं नव्हतं. असो. उद्या दोन.

२६ जानेवारी, रविवार. अठरावं आणि एकोणिसावं.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं, कारण असा दिवस चित्रकाराच्या आयुष्यात एखादाच येतो.

डोळा उघडला! एक दिवसाच्या विश्रांतीने म्हणा, अल्लाच्या मेहरबानीने म्हणा, मला एकदम दिसायला लागलं. बिजलीचं डावं शिंग टोकाला आत वळतं. कपाळावर मधोमध भोवरा आहे. पुढच्या खांद्यापाशी केस विटकरी आहेत. सतरा दिवस मी समोर बसत होतो आणि ह्यातलं काही म्हणजे काही मला दिसलं नव्हतं. धैर्याचं बरोबरच होतं, मी आंधळा होतो. होतो.

आणि गंमत म्हणजे तिलाही ते कळलं. रोज मला जवळ येऊ देणारी बिजली आज मी दिसताच बिचकून मागे सरली, परका माणूस बघितल्यासारखी. नावाने हाक मारली तर कानही हलवला नाही. मी बराच विचार केला. खरं बघणं हे असंच असणार. आपण नीट बघायला लागलो की रोजचं जनावरसुद्धा आपल्याला नवीन होतं, आणि आपण त्याला.

कृष्णातने तिला तेल चोळलं होतं, अंग नुसतं चकाकत होतं. मी म्हटलं, "बिजली लई खुशीत दिसतीया आज, वैरण बघ कशी वढतीया." तो नुसती मान हलवत राहिला. मितभाषी पोरगा. आक्काचे डोळे लाल झाले होते, डासांसाठी शेणीचा धूर केला होता, त्या धुराने. ती आज एकही टोमणा न मारता "काढा, काढा" म्हणून आत निघून गेली. बहुधा तिलाही फरक जाणवला असावा.

३० जानेवारी, गुरुवार. तेविसावं.

रोज काहीतरी नवं सापडतं. खुरांची ठेवण, मागचा पाय आखडून उभं राहणं. आक्काला म्हटलं, "बिजली माझ्यासाठी तरणी झाली बगा, आक्का." ती दाराकडे बघत म्हणाली, "व्हय, झाली की."

घरात सुलतानबी रोज विचारते, "आज कशी झाली?" काल तर कहर केला. माळ्यावरून स्वतःच्या हाताने दोन फळ्या खाली काढल्या, खिडकीपाशी नेल्या. "ही आधीची न्हवं?" विचारलं. व्हय. "आन ही आताची." व्हय. बराच वेळ बघत राहिली. जी बाई जनावराच्या चित्राकडे पाठ करून बसत होती, तिलासुद्धा माझी प्रगती दिसायला लागली.

४ फेब्रुवारी, मंगळवार. अठ्ठाविसावं.

आक्काने आज एकदम विचारलं, "पेंटर, सुरवातीच्या फळ्या हायत का ओ तुमच्याकडं? दावशीला?" मी म्हटलं, "त्या कच्च्या हायत आक्का, त्या नका बघू. ही बघा, ही आजची."

"ऱ्हाऊ द्या मग," म्हणाली आणि दुधाचं माप धुवायला घेतलं.

९ फेब्रुवारी, रविवार. तेहतिसावं.

मनगट दुखतं. पहाटे उठवत नाही. आज काहीच नवं दिसलं नाही, मनही लागलं नाही, तरी बसलो. तेच तीन रंग, तीच चिंधी, टर्पेंटाइनचा तोच वास. सुलतानबी म्हणाली होती तसं, उठून गेलो नाही. अर्ध्या तासाने कधीतरी दुखायचं थांबलं आणि हात चालायला लागला. चित्र साधारणच झालं. पण घरी येताना मी गुणगुणत होतो, हे बोळातल्या लोकांनी बघितलं आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं. काय झालंय सगळ्यांना कोण जाणे. हल्ली सगळी गल्लीच माझ्याशी जपून बोलते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. अडतिसावं.

काल शब्बेबरात झाली. सुलतानबी हलव्याचा डबा घेऊन आक्काकडे गेली ती दीड तासाने आली, डोळे ओले. गेलेल्यांची आठवण काढायचे दिवस. दोघी मिळून कुणाची आठवण काढत बसल्या होत्या, विचारलं तर म्हणाली, "आमच्या बायकांचं असतंय."

परवा धैर्या येणार. सुरुवातीला त्याची जिरवायची खुमखुमी होती. आता भीती वाटते. सत्तरीकडे चाललेल्या माणसाला परीक्षेची भीती वाटावी, हसायला येतं. पण तो नाही म्हणाला तर? काउंटरची लाज नाही, काशिफ मला राजासारखा बसवील. पण हे चाळीस दिवस, ही पहाट, हे सगळं मी मनाचंच रचलं होतं असं ठरेल. मग परत भिंतीकडे तोंड करून पडणं आलं. हो, पडत होतो. तासन् तास पडत होतो. आज लिहितो.

१६ फेब्रुवारी, रविवार. चाळिसावं.

धैर्या नऊला आला. घरात जागा नाही म्हणून चित्रं आक्काच्या गोठ्यासमोर, उन्हातल्या भिंतीला टेकून ओळीने लावली. सुलतानबीने माळ्यावरून काढून दिली, कृष्णातने नंबरवार मांडली. आक्का उंबऱ्यात उभी.

धैर्याने एकदा पूर्ण ओळ बघितली. मग परत पहिल्यापासून. पंधरा, सोळा, सतरा ह्यांच्यापाशी खाली बसला. सतराव्यापाशी तर गुडघे टेकले.

"हिला काय झालतं? आजारी हुती?"

मी म्हटलं, "न्हाई रे, त्या दिवशी जरा शांत हुती."

"शांत?" त्याने माझ्याकडे बघितलं. "दुखतंय तिला. पाठ बघ कशी धरलीया. डोळा बघ." मग उठून अठराव्याकडे गेला. "आन हितनं म्हस का बदललीस?"

मला हसू आलं. "म्हस कुठली बदलतोय, एकच हाय की. डोळा बदलला."

"दिल्या, ही एक न्हवं. शिंग बघ, भोवरा बघ. उभं ऱ्हायची ढब बघ. मी काय तुझी म्हस बघितल्याली न्हाई, पर ह्या फळ्या सांगत्यात. दोन म्हशी हायत ह्या."

मी आक्काकडे वळलो, ह्याला सांगा म्हणून. आक्का उंबऱ्यातच खाली बसली आणि पदर तोंडाशी धरला.

कृष्णात म्हणाला, "काका, बिजली गेली. चोवीस तारखेला, सांच्याला. वैरणीतनं पोटात तार गेलती. डॉक्टरनं लई केलं. ही म्हस माझ्या सासरवाडीची हाय."

मी विचारलं, कुणाकुणाला माहीत होतं?

"समद्या गल्लीला," तो म्हणाला.

सुलतानबीने खाली बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "मीच सांगितलो सगळ्यास्नी, सांगू नका म्हणून."

सव्वीस तारखेपासून आजपर्यंत सगळी पेठ मला बघत होती, बिजली बिजली म्हणून परक्या म्हशीला हाका मारताना. आणि मी इकडे डायरीत काय लिहिलं, 'डोळा उघडला!' ते पान फाडणार होतो. फाडलं नाही. राहू दे.

धैर्याला म्हटलं, "बोल. मेला न्हवं डोळा? बोलून टाक."

तो चित्रांकडे बघत होता. "डोळा जिवंत हाय रे," म्हणाला. "माझ्यापरास जिवंत हाय. तिचं दुखणं त्यानं बघितलं, दुसरी आली त्ये बी बघितलं. तुझ्यापतूर पोचलं न्हाई, एवढंच." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. परीक्षा पास झालो म्हणायचं. असं पास व्हायचं कुणाच्याही नशिबी येऊ नये.

दुपारभर सुलतानबीशी बोललो नाही. चार वाजता तिने चहा ठेवला आणि समोर बसली.

"त्या दिशी सांजंला दूध आणाय गेलतो मी. बघितलो तर ती पडल्याली. आक्का तिच्या गळ्यात पडून रडतीया. आन मला काय सुचलं ठाव हाय? म्हस न्हाई सुचली, तुमी सुचलासा. दिवाळीपासनं तुमी भितीला तोंड लावून. मी नमाजीत दुसरं काय मागितलोच न्हाई. आन म्हशीपायी तुमी जेवाय लागलासा, बोलाय लागलासा. आता हे कळलं, आन परत वळलासा भितीकडं, तर मी कुणाच्या दारात जायाचं? आक्काचं पाय धरलो. गुडघ्याचं बी खोटं बोललो. अल्लापुढं काय सांगायचं ते माझं मी बघीन."

तिचा हात धरला. चहा दोघांचाही निवला.

मला लाज वाटते ती म्हैस बदलल्याचं कळलं नाही ह्याची नाही. बिजली दुखण्याने उभी होती, आणि मी तिचा सगळा त्रास बरोबर रंगवला, पाठीची रेघ, कोपरं, डोळ्याखालची ओल, आणि तिच्या पोटाला हात लावून उभ्या असलेल्या पोराला म्हटलं, बाजूला हो, उजेड अडतोय. आक्काचे डोळे लाल होते ते मी धुरावर घातलं. ती माझ्याकडे बिजलीची चित्रं मागत होती आणि मी तिला म्हटलं, ती कच्ची आहेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे जाग आली तशी आलीच. फळी घेतली नाही, रंग घेतले नाहीत. सुलतानबीची फजरची नमाज होईपर्यंत थांबलो. मग पहिली सतरा चित्रं तिने निम्मी आणि मी निम्मी अशी घेतली आणि आम्ही दोघं आक्काकडे गेलो.

आक्का धारेला बसायच्या तयारीत होती. "आज रिकामंच आलासा?"

मी म्हटलं, "आक्का, आज रंगवाय न्हाई आलो. बिजली गेल्याच्या समाचाराला आलोय. चोवीस दिस उशीर झाला."

तिने बादली खाली ठेवली. घोंगडं अंथरलं, आम्ही बसलो. समाचाराला गेल्यावर बसायचं तसं, गप्प. कृष्णात येऊन बाजूला टेकला. त्याला म्हटलं, "त्या दिवशी मी तुला बाजूला हो म्हणालो, पोरा." तो म्हणाला, "जाऊ द्या ओ काका." आणि तोंड फिरवलं.

मग मी चित्रं आक्काच्या मांडीवर ठेवली. ती एकेक उचलून बघायला लागली. तिला नंबर वाचता येत नाहीत, पण कुठला दिवस ते सगळं सांगत गेली. "हितं नुकतीच धार काढल्याली, बघा, सड मऊ पडल्यात." "हितं कृष्णात पेंड आणाय गेलता, म्हणून दाराकडं बघतीया." "हिचा कान! असाच करायची, असाच." मी काढलेलं मलाच ती दाखवत होती. सतरावं हातात आलं तेव्हा तिने ते छातीशी धरलं आणि माणसासाठी रडावं तशी रडली. सुलतानबी तिला धरून बसली. मी पण रडलो. ह्याच्यात लपवायचं काय?

पदराने डोळे पुसून आक्का म्हणाली, "माणसं म्हणत्यात, म्हस ती म्हस, दुसरी आण. आणली की. पर तुमी रोज येऊन बिजली, बिजली म्हणून हाका मारायचासा, आन मी आत बसून ऐकायचो. पयलं पयलं काळीज तुटायचं. मागनं बरं वाटाय लागलं. म्हटलं, कुणीतरी अजून हाक मारतंय तिला."

मी विचारलं, "हिचं नाव काय, आक्का?"

"तिकडं काय म्हणत हुते, कुणाला इचारलंय? तुमी बिजली म्हणायचासा, मग आमी बी दुसरं ठेवलंच न्हाई." तिने त्या म्हशीकडे बघितलं. ती निवांत रवंथ करत होती, कपाळावरचा भोवरा उन्हात विटकरी दिसत होता. "ठेवू कायतरी. बघू, कसली निघती ती."

चित्रं सगळी तिथेच ठेवली. आक्का नको नको म्हणाली नाही.

समाचाराला गेलं की उठताना 'येतो' म्हणायचं नसतं, आमच्यातही आणि त्यांच्यातही. तसं काही न बोलता आम्ही दोघं उठलो आणि बोळाच्या तोंडापर्यंत आलो. मागून आक्काचा आवाज आला, नेहमीचा, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा.

"ओ पेंटर! उद्या येतासा न्हवं?"

मी सुलतानबीकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती. मी मागे वळून म्हटलं, "येतो."